राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक निवडताना नेमकं काय बघायचं?

जुलै २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुष संघासाठी नवा प्रशिक्षक शोधायला घेतला, तेव्हा १७० अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाचा माजी कर्णधार झावी याचंही नाव असल्याची बातमी आली आणि फुटबॉलवेड्या मंडळींत दुसरा विषयच उरला नाही. मग महासंघाने स्पष्ट केलं, की झावी आणि पेप ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हतेच. बातमी तिथेच संपली. पण त्या दिवसांतला उत्साह विचार करण्यासारखा आहे. माणूस मोठा आणला की संघ आपोआप सुधारेल, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना मनापासून वाटतं.

ही समजूत येते क्लब फुटबॉलमधून. तिथे मोठा प्रशिक्षक येतो, चार नवे खेळाडू विकत घेतो, रोज सराव घेतो आणि वर्षभरात संघाचा चेहरामोहरा बदलतो. राष्ट्रीय संघाचं काम इतकं वेगळं आहे, की क्लबमध्ये नावाजलेला माणूस इथे अडखळतो आणि क्लबमध्ये कधीही मुख्य प्रशिक्षक नसलेला माणूस विश्वचषक जिंकून देतो. अर्जेंटिनाच्या लिओनेल स्कालोनीला २०१८ मध्ये तात्पुरतं म्हणून बसवलं होतं. त्याआधी एकाही व्यावसायिक क्लबचा मुख्य संघ त्याने स्वतंत्रपणे सांभाळलेला नव्हता. २०२१ मध्ये कोपा अमेरिका आणि २०२२ मध्ये विश्वचषक, दोन्ही त्याच्याच हाताखाली आले. म्हणून कुणाला नेमायचं याआधी महासंघाने ठरवायला हवं, की नेमक्या कोणत्या कामासाठी माणूस हवा आहे. आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं.

आधी दिवस मोजा

खेळाडूचा पगार क्लब देतो, त्यामुळे तो वर्षभर क्लबचा असतो. देशासाठी फिफाने वर्षात काही ठरावीक काळ राखून ठेवलेले असतात. त्यांना आंतरराष्ट्रीय विंडो म्हणतात. २०२५ पर्यंतच्या वेळापत्रकात मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशा पाच विंडो होत्या. प्रत्येक विंडो साधारण नऊ-दहा दिवसांची आणि तिच्यात जास्तीत जास्त दोन सामने. या दिवसांत क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. एरवी सोडायचा की नाही, ही क्लबची मर्जी. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय शिबिर लागलं तेव्हा मोहन बागानने आपले खेळाडू पाठवले नाहीत. चाहते चिडले, पण ते दिवस विंडोबाहेरचे होते आणि नियम क्लबच्या बाजूने होता.

आता एक विंडो जवळून बघू. रविवारी रात्री खेळाडू क्लबचा सामना खेळतो. सोमवारी कुणी कोलकात्याहून, कुणी गोव्याहून, कुणी बंगळुरूहून शिबिराच्या गावी पोहोचतो. मंगळवारी ज्यांनी पूर्ण नव्वद मिनिटं खेळलेली असतात, त्यांना सायकलिंग, स्ट्रेचिंग आणि मालिश यापलीकडे काही करता येत नाही. बुधवारी पहिला खरा सराव. गुरुवारी सामन्याच्या मैदानावर हलका सराव आणि कॉर्नर, फ्री-किकची उजळणी. शुक्रवारी सामना. शनिवार पुन्हा अंग सैल करण्यात जातो, रविवार प्रवासात, सोमवारी तासभर सराव आणि मंगळवारी दुसरा सामना. बुधवारी सगळे आपापल्या क्लबकडे. दहा दिवसांत सगळा संघ ताज्या पायांनी मैदानावर असतो तो दोनदा, फार तर तीनदा. वर्षाच्या पाचही विंडोंचे असे सराव जोडले, तर क्लबच्या प्रशिक्षकाला तेवढे दोन-तीन आठवड्यांत मिळून जातात.

हे लक्षात घेतलं की मानोलो मार्केझ यांचं काय झालं ते कळतं. मार्केझ यांनी २०२१-२२ मध्ये हैदराबाद एफसीला इंडियन सुपर लीगचं, म्हणजे आयएसएल या देशातल्या मुख्य लीगचं, विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि ते एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. भारतीय खेळाडूंना ओळखणारा त्यांच्याइतका चांगला परदेशी प्रशिक्षक देशात नव्हता, असं मी आजही म्हणेन. जुलै २०२४ मध्ये त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला आणि पूर्ण हंगामभर त्यांनी गोवा आणि भारत अशा दोन्ही संघांची जबाबदारी एकाच वेळी वाहिली. भारताचे आठ सामने झाले. एक विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव. याच हंगामाच्या शेवटी, मे २०२५ मध्ये, त्यांच्या एफसी गोवाने सुपर कप मात्र दिमाखात जिंकला. माणूस तोच, डोकं तेच. गोव्यात त्यांना रोजचा सराव मिळत होता. चेंडू पायात ठेवून, जागा बदलत, संयमाने हल्ला बांधणारा खेळ रोजच्या घोटवण्यानेच अंगात मुरतो. दोन सरावांत तो शिकवता येत नाही.

राष्ट्रीय प्रशिक्षकाला म्हणूनच गोष्टी सोप्या करता आल्या पाहिजेत. ओटो रेहागेल यांनी २००४ च्या युरो स्पर्धेत ग्रीसला विजेतं केलं, ते कुठल्याही नव्या तत्त्वज्ञानाच्या जोरावर नव्हे. घट्ट बचाव, प्रत्येकाला नेमून दिलेला प्रतिस्पर्धी आणि कॉर्नर-क्रॉसवर हेडर. बाद फेरीतले तिन्ही सामने त्यांनी १-० ने जिंकले. बघायला ते फुटबॉल रुक्ष होतं, हे खरं. पण प्रत्येक खेळाडूला आपण काय करायचं हे झोपेतही सांगता आलं असतं, आणि थोड्या दिवसांत याहून मोठी गोष्ट साधणं कठीण असतं.

गोल कोण मारणार?

क्लबला आघाडीपटू कमी पडला तर विकत घेता येतो. देशाला ती सोय नाही. भारताच्या बाबतीत हे दुखणं सगळ्यात खोल आहे.

सुनील छेत्री २००५ मध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळला. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० अशा बरोबरीनंतर तो निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. मार्केझ यांच्या काळातला तो एकमेव विजय. चाळिशीतल्या खेळाडूला परत आणावं लागतं याचा अर्थ त्याच्या मागे रांगच नाही. कारण उघड आहे. आयएसएलमधल्या बहुतेक क्लबांनी गोल मारायची जागा परदेशी खेळाडूला दिली. भारतीय आघाडीपटू एक तर बाकावर बसला किंवा विंगवर सरकला. लीग चालवणाऱ्यांच्या दृष्टीने हे सोयीचं होतं, पण राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती त्यातून असे खेळाडू येतात जे आपल्या क्लबसाठी त्या जागेवर खेळतच नाहीत.

कुठलाही प्रशिक्षक हे बदलू शकत नाही. मुलाखतीत मात्र त्याला सरळ विचारायला हवं: तुमच्या संघात गोल कोण मारणार आणि तिथपर्यंत चेंडू कसा पोहोचणार? नावं घेऊन उत्तर द्या. ज्याला उत्तरात आयएसएल आणि आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगमधल्या पाच-सहा भारतीय खेळाडूंची नावं घेता येत नाहीत, त्याचा बायोडेटा कितीही जाडजूड असो, त्याने अजून गृहपाठच केलेला नाही.

हाताशी आहे त्यातून वाट काढणं म्हणजे काय, हे आपल्याच इतिहासात आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचा मुख्य बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला दुखापत झाली, टाके पडले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम तेव्हा प्रशिक्षक होते, पेशाने शिक्षक. त्यांनी जर्नेलला बचावातून काढून थेट आघाडीला खेळवलं. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात जर्नेलने गोल केला, दुसरा पी. के. बॅनर्जींचा, आणि भारताने २-१ ने सुवर्णपदक जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तोही रहीम यांच्याच काळात. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसुझा मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. रहीम यांना आपला प्रत्येक खेळाडू नखशिखांत ठाऊक होता. जर्नेल पुढे खेळू शकेल हे त्यांना कुणी अहवाल देऊन सांगितलं नव्हतं.

बाहेरून खेळाडू आणायचा एक मार्ग आहे, तो नागरिकत्वाचा. मोरोक्कोसारखे देश परदेशात जन्मलेल्या आपल्या वंशाच्या मुलांना सहज घेतात. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेरचा होता. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने त्यासाठी जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०२५ मध्ये बंगळुरूच्या रायन विल्यम्सनेही ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं. पण ही एकेकट्याने घेतलेली मोठी पावलं आहेत. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांनी भारताचे प्रशिक्षक असताना भारतीय वंशाच्या खेळाडूंसाठी जाहीरपणे खूप आग्रह धरला. मागणी रास्त होती, पण तो निर्णय सरकारचा. प्रशिक्षकाची निवड अशा गोष्टींवर टांगून ठेवू नये, ज्या त्याच्या हातात नाहीत.

देशी की परदेशी?

या वादावर सगळ्यात जास्त शाई खर्च होते. माझ्या मते त्याला गरजेपेक्षा फार जास्त महत्त्व मिळतं. पुरुषांच्या विश्वचषकात २०२२ पर्यंत विजेत्या संघाचा प्रशिक्षक प्रत्येक वेळी त्याच देशाचा होता, हे खरं आहे. पण ते देश म्हणजे ब्राझील, जर्मनी, इटली, अर्जेंटिना, फ्रान्स असे. तिथे उत्तम प्रशिक्षकांची फळीच तयार असते. आपल्यासारख्या देशांनी बघावं ते व्हिएतनामकडे. २०१७ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियाचे पार्क हांग-सिओ यांना नेमलं आणि वरिष्ठ संघाबरोबर २३ वर्षांखालील संघही त्यांच्याकडेच दिला. जानेवारी २०१८ मध्ये तो तरुण संघ आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. त्याच मुलांना घेऊन वर्षअखेरीस त्यांनी आग्नेय आशियाचा चषक जिंकला आणि जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली. पार्क परदेशी होते ही त्यातली किरकोळ बाब. व्हिएतनामने त्यांना तीच मुलं दोन संघांतून वारंवार हाताळायला दिली, म्हणजे विंडोच्या तुटपुंज्या दिवसांवर इलाज शोधला.

आपल्याकडे देशी-परदेशी हा झोका आहे. एक चालला नाही की दुसरा. इंग्लंडचे बॉब हॉटन यांच्यानंतर २०११ मध्ये धेंपो या क्लबला अनेक राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे गोव्याचे आर्मांदो कुलासो आले आणि काही महिन्यांत गेले. मग गोव्याचेच सावियो मेदेरा. त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकून दिला. मार्च २०१२ मध्ये काठमांडूत चॅलेंज कप या आशियातल्या खालच्या फळीतल्या संघांच्या स्पर्धेचे तिन्ही सामने हरल्यावर त्यांचंही पद गेलं. त्यानंतर तेरा वर्षं एकही भारतीय मुख्य प्रशिक्षक नव्हता. तेरा वर्षांत देशातल्या हुशार प्रशिक्षकांनी काय धडा घेतला असेल, याची मला खरंच चिंता वाटते.

२०२५ च्या अंतिम यादीत तीन नावं उरली. स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टेफान तारकोविच आणि खालिद जमील. या तिघांना शेजारी ठेवून बघा. कॉन्स्टंटाइन यांनी २०१५ पासूनच्या आपल्या दुसऱ्या कारकिर्दीत जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानी असलेल्या भारताला ९६ व्या स्थानापर्यंत नेलं होतं आणि २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ ने हरवलं होतं. पडझड थांबवायची असेल तर हा माणूस. तारकोविच यांनी स्लोव्हाकियाला युरो स्पर्धेत नेलं आणि किरगिझस्तानबरोबर आशियाई चषक खेळला. आशियातल्या मधल्या फळीत जम बसवायचा असेल तर हा माणूस. खालिद जमील मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, अनेक वर्षं मुंबई एफसीला सांभाळलेले आणि २०१६-१७ मध्ये अगदी छोट्या बजेटच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून देणारे. सुपर कपच्या अंतिम सामन्यात मार्केझ यांच्या गोव्यासमोर उभा असलेला जमशेदपूरचा संघ त्यांचाच. देशातले खेळाडू आतूनबाहेरून ओळखणारा आणि थोडक्यात भागवायला शिकलेला माणूस हवा असेल तर खालिद.

तिघेही चांगले उमेदवार होते. पण ही तीन वेगवेगळ्या कामांसाठीची माणसं होती. काम आधी ठरलेलं असतं तर यादीत एकाच जातकुळीचे तीन जण दिसले असते. १ ऑगस्टला खालिद यांची निवड झाली. उपलब्ध नावांत ती मला सर्वात योग्य वाटली, आणि ते पूर्णवेळ प्रशिक्षक झाले हे त्याहून बरं झालं.

कराराची वेळ

स्टिमॅक १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाकडून तिसऱ्या क्रमांकाचं पदक मिळवलेले खेळाडू. २०१९ मध्ये आले. २०२३ मध्ये भारताने इंफाळमध्ये तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप आणि बंगळुरूमध्ये सॅफ चषक जिंकला, क्रमवारीत पहिल्या शंभरात आला. त्या भरात ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला. तिन्ही चषक घरच्या मैदानावरचे होते, इकडे कुणी लक्ष दिलं नाही. खरी परीक्षा तीन महिन्यांवर होती. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ ने हरवलं. जूनमध्ये विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडल्यावर स्टिमॅक यांना काढलं, आणि उरलेल्या कराराच्या वादात महासंघाने अखेर ४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. शेवटच्या कतार सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना गोल दिला गेला, तो अन्याय होताच. पण तो गोल नसता तरी करार चुकीच्या वेळी वाढवला गेला होता, हे बदललं नसतं.

करार मोठ्या स्पर्धेआधी वाढवू नये, स्पर्धेनंतर वाढवावा. मुदत पात्रता फेरीच्या चक्राला जोडावी. आणि मधल्या टप्प्यावर काय झालं तर दोघांनी किती पैशांत वेगळं व्हायचं, ते पहिल्या दिवशी लिहून ठेवावं. प्रो लायसन्स (प्रशिक्षकाचा सर्वात वरचा परवाना), भाषा, सहायकांची फौज या बाबीही तपासतात, त्या कागदावर लगेच कळतात.

सहायकाच्या खुर्चीतला माणूस

खालिद यांची सुरुवात छान झाली. मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं, ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला. मग १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूर आलं. विंगर छांगतेच्या गोलने भारत पुढे होता. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली, उत्तरार्धात दुसरा गोल बसला, आणि १-२ च्या पराभवाबरोबर २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. मायदेशात लीग कधी सुरू होणार याचाच पत्ता नव्हता, म्हणजे खेळाडू लीगचे सामनेच खेळत नव्हते. एवढं अपयश एका माणसाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.

त्या दिवशी सिंगापूरच्या बाकावर कोण होतं, ते बघण्यासारखं आहे. गॅव्हिन ली, वयाने पस्तिशीचा, आधीच्या जपानी प्रशिक्षकाचा सहायक. जपानी प्रशिक्षक जूनमध्ये गेला, ली तात्पुरता म्हणून पुढे आला आणि सिंगापूरला आशियाई चषकात घेऊन गेला. खेळाडू, पद्धत, शिबिराची शिस्त यांतलं काहीच नव्याने सुरू करावं लागलं नाही. जर्मनीला २०१४ चा विश्वचषक जिंकून देणारा योआखिम ल्योव आधीचा प्रशिक्षक क्लिन्समनचा सहायक होता. स्पेनचे लुइस दे ला फुएन्ते १९ आणि २१ वर्षांखालील संघांना युरोपचं विजेतेपद मिळवून मग वरिष्ठ संघाकडे आले आणि २०२४ चा युरो जिंकले.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. २०२३ च्या सॅफ अंतिम सामन्यात स्टिमॅक निलंबित होते, तेव्हा कुवेतविरुद्ध बाकावरून संघ चालवला तो त्यांचे सहायक, गोव्याचे महेश गवळी यांनी. गोव्याचेच बिबियानो फर्नांडिस वर्षानुवर्षं कुमार संघ घडवत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या १७ वर्षांखालील संघाने अहमदाबादला इराणला २-१ ने हरवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली. या मुलांमधले काही जण पाच-सहा वर्षांनी वरिष्ठ संघात असतील. त्यांना चौदा-पंधराव्या वर्षापासून ओळखणारा माणूस तेव्हा कुठे असेल, हे महासंघाने आत्ताच ठरवून जाहीर करायला हवं. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा १७० अर्जांच्या ढिगाशेजारी या दोन-चार नावांची फाइल आधीपासून उघडलेली असावी, आणि तांत्रिक समितीने निकष कोणते लावले ते निवडीआधी सगळ्यांना वाचायला मिळावं.